फायरफॉक्सचा ॲनिमेशन इन्स्पेक्टर: अडकलेला अंतरपाट आणि ती छोटीशी वीज

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू अख्ख्या ब्राउझरचा नाहीये, ब्राउझरमधल्या एका टॅबचा आहे, आणि मग ओघानं त्या टॅबच्या मागं जे इंजिन चालतं त्याचा. फायरफॉक्समध्ये एफ-बारा दाबलं की डेव्हटूल्स, म्हणजे पेजच्या आत डोकावायची हत्यारं, उघडतात, त्यात इन्स्पेक्टर, आणि इन्स्पेक्टरच्या बाजूच्या पट्टीत लेआउट, काँप्युटेड वगैरेंच्या रांगेत "ॲनिमेशन्स" म्हणून एक टॅब असतो. बरेच जण तिकडं फिरकत नाहीत, मीपण तीन-चार वर्षं फिरकलो नव्हतो, कारण माझं सगळं काम क्रोममध्ये चालायचं आणि पेज हललं की झालं असा माझा हिशोब होता.

माझा धंदा डिजिटल पत्रिकांचा. लग्न, मुंज, वास्तुशांत, एकसष्टी, जे असेल ते, लिंक बनवून द्यायची आणि पार्टीनं ती व्हॉट्सॲपवर सोडायची. मागच्या सीझनला एका लग्नाच्या पत्रिकेत मी फार हुशारी केली होती. लिंक उघडली की समोर अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, मग दोन सेकंदांनी अंतरपाट बाजूला सरकतो, मागं नवरा-नवरीची नावं आणि वरून अक्षता पडतात. माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालत होतं. लिंक पाठवली आणि संध्याकाळी मुलीच्या मामांचा फोन, "अहो, तुमचा अंतरपाट अर्ध्यातच अडकलाय, अक्षता हवेत लटकल्यात, आणि आमच्या ग्रुपवर सगळे विचारायला लागलेत की भटजी झोपले काय?"

मोबाईल साधा होता हे खरं, पण पत्रिका उघडणारी निम्मी मंडळी तसल्याच मोबाईलवर असतात, त्यामुळं मोबाईलला दोष देऊन भागत नाही. घरातला एक जुना फोन काढला, केबल लावली, लॅपटॉपवरच्या फायरफॉक्समधून त्या फोनवरचं पेज उघडलं (ही सोय छान आहे, अबाउट-डीबगिंग नावाचं पान आहे त्यातून होतं) आणि पहिल्यांदा तो ॲनिमेशन्स टॅब नीट बघितला.

आता टॅबबद्दल. पेजवर, किंवा जो भाग सिलेक्ट केलाय त्याच्या आत, जेवढी ॲनिमेशन्स आहेत तेवढ्या आडव्या पट्ट्या दिसतात. ट्रान्झिशन (एका स्थितीतून दुसरीत जाणं) असेल तर निळी, की-फ्रेम्सवालं (टप्पे ठरवून दिलेलं) असेल तर नारिंगी, जावास्क्रिप्टमधून सुरू केलेलं असेल तर हिरवी. पट्टीचा आकार म्हणजे त्या ॲनिमेशनचा वेग कसा चढतो-उतरतो त्याचा आलेख, आणि सुरुवातीला डिले असेल तर तोही वेगळा दिसतो. वरची खूण धरून मागं-पुढं ओढली की पेजवरचं सगळं त्या क्षणाला जाऊन थांबतं. वेग कमी करता येतो, म्हणजे दोन सेकंदांचा अंतरपाट अगदी गोगलगायीसारखा सरकवून बघता येतो. हे सगळं कामाचं आहे पण असलं क्रोममध्येही आहे. माझ्या कामाची गोष्ट वेगळीच निघाली, पट्टीवर येणारं विजेचं छोटं चिन्ह. माउस नेला की सांगतं की या ॲनिमेशनच्या सगळ्या प्रॉपर्टीज ऑप्टिमाइझ्ड आहेत, किंवा काहीच आहेत. पट्टी उघडली की प्रॉपर्टीवार दिसतं कुठली वेगात चाललीय आणि कुठली नाही.

माझ्या पत्रिकेत दीडशेच्या आसपास नारिंगी पट्ट्या होत्या. वीज एकावर नव्हती.

वीज म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलते असं धरलं तर प्रत्येक फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झचा फोन असेल तर त्याच्या निम्मे. ब्राउझरमध्ये मेन थ्रेड म्हणून एक प्रकरण असतं, जावास्क्रिप्ट त्यानंच चालवायची, स्टाइल त्यानंच काढायच्या, कुठली गोष्ट कुठं बसते ते मोजायचं, रंगवायची तयारी करायची, सगळं एकट्यानं. लग्नघरातल्या यजमानासारखं, आचारीपण त्यालाच विचारणार आणि मांडववालापण त्यालाच. आणि दुसरा असतो कंपोझिटर, तो वाढप्या. त्याला शिजवायला येत नाही, पण तयार ताट उचलून इकडून तिकडं सरकवणं तो यजमानाला न विचारता करतो. तुम्ही ट्रान्सफॉर्म किंवा ओपॅसिटी हलवलीत तर काम वाढप्याकडं जातं, ताट तयारच आहे, फक्त सरकवायचं किंवा फिकं करायचं. मी हलवत होतो लेफ्ट आणि विड्थ (डावीकडची जागा आणि रुंदी), म्हणजे दर फ्रेमला भात परत शिजायला टाकायचा. वर अक्षतांना प्रत्येकी सावली दिलेली, टॉप बदलत बदलत खाली आणायच्या. त्या बिचाऱ्या फोनची चूक शून्य होती.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. अंतरपाट ट्रान्सफॉर्मनं सरकवला, अक्षता दीडशेच्या चाळीस केल्या (कुणी मोजत नाही), सावल्या काढल्या. टॅब परत बघितला तर पट्ट्यांवर वीज. खात्री करायला मी मुद्दाम जावास्क्रिप्टमध्ये दोन सेकंद नुसतं फिरत बसणारं लूप टाकलं, म्हणजे यजमान बेशुद्ध, बटणं दाबली तर काही होत नाही, आणि तरी अंतरपाट शांतपणे सरकत गेला. ते बघून खरंच भारी वाटलं राव.

इथपर्यंत टॅबचं झालं. पण मला खाज आहे, त्यामुळं ही वीज पेटते कुणामुळं ते शोधत गेलो. फायरफॉक्सचा कोड उघडा आहे, सर्चफॉक्स नावाच्या साइटवर बसल्या जागी वाचता येतो, काही डाउनलोड करायला लागत नाही. ॲनिमेशनचा बराचसा कोड "डॉम" फोल्डरच्या आत "ॲनिमेशन" म्हणून आहे, बाकीचा स्टाइलच्या आणि ग्राफिक्सच्या फोल्डरमध्ये विखुरलाय. सगळं कळलं असं मी म्हणणार नाही, सी प्लस प्लस आणि रस्ट या भाषा बघून माझी अर्धी हवा तिथंच गेली, पण कॉमेंट्स फार प्रामाणिक लिहिलेल्या असतात, त्या वाचल्या तरी निम्मं समजतं.

एक गंमत बघा. आपण सीएसएसमध्ये (पेजचं रूप ठरवणारी भाषा) ईज-इन, ईज-आउट, म्हणजे सुरुवात हळू की शेवट हळू, असं लिहितो, त्यामागं क्युबिक बेझिअर वक्र असतो. गेकोमध्ये, म्हणजे फायरफॉक्सच्या इंजिनमध्ये, तो वक्र सोडवायला कितीतरी वर्षं जो कोड वापरला तो मुळात एसव्हीजी चित्रं हलवायच्या स्माइल नावाच्या पद्धतीसाठी लिहिलेला. वक्रावर आधीच ११ ठिकाणच्या किमती काढून ठेवायच्या, मग आपला बिंदू कुठल्या दोन खुणांच्या मध्ये पडतो ते बघायचं आणि तिथून न्यूटनच्या पद्धतीनं बरोबर उत्तराकडं सरकायचं, आणि उतार फारच सपाट असेल तर सरळ अर्धे-अर्धे करत शोधायचं. आजोबांच्या धोतराची पिशवी शिवावी तसा जुना कोड नव्या कामाला लावलेला, आणि चालला की.

दुसरी गोष्ट तर माझ्यासारख्या लोकांमुळंच करावी लागली असणार. जावास्क्रिप्टमधून एलिमेंटला ॲनिमेट करायची सोय आहे, क्रोममध्ये ती २०१४ ला आली, फायरफॉक्समध्ये ऑगस्ट २०१६ ला आवृत्ती ४८ मध्ये, सफारीत थेट मार्च २०२० ला. त्यात फिल-फॉरवर्ड्स म्हणून पर्याय असतो, म्हणजे ॲनिमेशन संपलं तरी शेवटची स्थिती धरून ठेव. आता कुणी माउसच्या मागं फिरणारं फुलपाखरू बनवलं, तर माउस जरा हलला की एक नवीन ॲनिमेशन, आणि जुनं संपूनही जागा धरून बसलेलं. पाच मिनिटांत हजारो. मोरीत भांडी साचावीत तशी, वरचं एकच पातेलं दिसतंय पण खाली ढीग. मग नियमातच बदल केला, की ज्या संपलेल्या ॲनिमेशनला दुसऱ्या संपलेल्यानं पूर्ण झाकलंय ते ब्राउझरनं आपणहून काढून टाकायचं, आणि ज्याला ठेवायचंच आहे त्यानं तसं सांगायचं. फायरफॉक्स ७५ मध्ये, क्रोम ८४ मध्ये, दोन्ही २०२० मध्येच आलं. वापरणाऱ्याला याचा पत्ता नाही. जाहिरात कुणी केली नाही, करणार तरी काय, "आता कमी भांडी साचतील"?

असंच ते नजरेआडच्या ॲनिमेशनचं. पत्रिकेत वरचं तोरण सतत झुलतंय आणि माणूस स्क्रोल करून खाली नकाशावर गेलाय, तर तोरणासाठी दर फ्रेमला स्टाइल कशाला काढायची, गेको ते काम ढिलं सोडतं. पण पूर्ण थांबवता येत नाही, कारण ॲनिमेशन संपलं की "संपलं" असा इव्हेंट वेळेवर जायलाच पाहिजे, त्याच्यावर पुढचा कोड अवलंबून असतो. आणि जे ॲनिमेशन वाढप्याकडं सोपवलंय त्याचा ताजा हिशोब मेन थ्रेड ठेवत बसत नाही, कुणी स्क्रिप्टमधून "आत्ता कुठं आहे" असं विचारलं तरच काढतो. पण हलणारी वस्तू स्क्रोलच्या डब्यात असेल तर तिच्यामुळं स्क्रोलबारची लांबी बदलू शकते, मग अधूनमधून, साधारण २०० मिलिसेकंदांनी, हिशोब करून घ्यायचा. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं नुसता बसलो होतो. कुणाला तरी हा स्क्रोलबारचा प्रश्न पडला, त्यानं तो कोडमध्ये लिहिला, आणि मी चार वर्षं लेफ्ट आणि टॉप हलवत बसलो होतो.

२०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स ५७ आला, क्वांटम म्हणून गाजला, त्यात स्टाइल काढायचं अख्खं यंत्र बदलून सर्वो नावाच्या प्रायोगिक इंजिनातून आलेलं रस्टचं यंत्र बसवलं. तेव्हा दोन रंगांच्या मधला रंग काढणं, दोन ट्रान्सफॉर्मच्या मधली स्थिती काढणं, हे सगळं नव्या यंत्राला शिकवावं लागलं. मग चित्र काढायचा भाग बदलून वेबरेंडर आला, तो २०१९ पासून थोड्या थोड्या लोकांना देत देत २०२१ पर्यंत सगळीकडं गेला. म्हणजे चालत्या एसटीचं आधी इंजिन बदललं आणि मग चाकं, आणि आतल्या प्रवाशाला धक्का लागू द्यायचा नाही. धक्का लागतोय का हे बघायला टेस्ट असतात, आणि त्यातला मोठा भाग वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स म्हणून सगळ्या ब्राउझरांचा सामायिक आहे, एकानं टेस्ट लिहिली की बाकीच्यांकडं जाते. फायरफॉक्सवाल्याला स्वतःची गरजही आहेच म्हणा, कारण त्याचा स्वतःचा टॅबबार, मेनू, सगळं त्याच इंजिनावर काढलेलं असतं. टॅब लोड होताना डावीकडून उजवीकडं जाणारा ठिपका बघितलाय ना, ती एक लांब चित्रपट्टी आहे, जुन्या सिनेमाच्या रिळासारखी, आणि ती ट्रान्सफॉर्मनं एकेक चित्र सरकवतात. का, तर ते काम वाढप्याकडं जावं, पेज लोड होताना यजमान आधीच कामात बुडालेला असतो.

ही असली काळजी नाही घेतली तर काय होतं त्याचं प्रसिद्ध उदाहरण २०१७ चंच आहे. व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) काही न करता नुसता कर्सर लुकलुकतोय आणि सीपीयू १३ टक्के खातोय अशी तक्रार आली होती. व्हीएस कोड आतून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, चालतो, कर्सरचं लुकलुकणं सीएसएस ॲनिमेशननं केलेलं, आणि दिसण्यात फक्त चालू-बंद असलं तरी इंजिन सेकंदाला ६० वेळा काम करत होतं. शेवटी ते लुकलुकणं त्यांनी साध्या जावास्क्रिप्ट टायमरवर नेलं. एवढीशी उभी रेघ, आणि लॅपटॉपचा पंखा सुरू.

बरं, आता तक्रारी, नाहीतर म्हणाल फायरफॉक्स बनवणाऱ्या मॉझिलावाल्यांनी जेवायला बोलावलेलं दिसतंय.

पहिली म्हणजे टॅब बघायला छान, पण हात लावता येत नाही. क्रोमच्या पॅनेलमध्ये पट्टी धरून ओढली की डिले आणि कालावधी तिथल्या तिथं बदलतो, आधी होऊन गेलेली ॲनिमेशन्सही वर छोट्या चित्रांत रांगेनं साठवलेली असतात, पाहिजे ती परत चालवा. फायरफॉक्समध्ये वेगाचा वक्र बदलायचा तर रूल्स या पट्टीत जाऊन वक्राच्या छोट्या चिन्हावर क्लिक करा, कालावधी तर आकडा टाइप करूनच. क्लायंट शेजारी बसून "अजून जरा हळू, नाही नाही, जरा फास्ट" करत असेल तेव्हा क्रोमच बरा. पण कुठलं ॲनिमेशन कंपोझिटरवर नाही हे क्रोममध्ये बघायचं तर परफॉर्मन्स पॅनेलमध्ये जाऊन रेकॉर्डिंग करा किंवा लाइटहाउस नावाची तपासणी चालवा, इथं नुसता टॅब उघडला की वीज आहे की नाही ते दिसतं. मी आता क्रोममध्ये बनवतो आणि फायरफॉक्समध्ये तपासतो. सफारीचं मी बोलत नाही, माझ्याकडं मॅक नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. स्क्रोलबरोबर चालणारी ॲनिमेशन्स, म्हणजे बोट वर सरकवलं तसं तोरण उलगडत जातं वगैरे, क्रोममध्ये २०२३ च्या जुलैत आली, आवृत्ती ११५. सफारीत २६ व्या आवृत्तीत, २०२५ च्या सप्टेंबरात. मी वापरतो त्या फायरफॉक्समध्ये अजून ती सेटिंगच्या स्विचमागं आहेत. व्ह्यू ट्रान्झिशन्सचं (एका दृश्यातून दुसऱ्यात अलगद जाणं) तेच, क्रोम मार्च २०२३, सफारी सप्टेंबर २०२४, फायरफॉक्स ऑक्टोबर २०२५. आणि गंमत म्हणजे ट्रान्सलेट, रोटेट, स्केल या सुट्ट्या प्रॉपर्टीज फायरफॉक्सनं जानेवारी २०२० ला दिल्या तेव्हा क्रोमला त्या द्यायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला. त्यामुळं आळशी म्हणता येत नाही, पण उशीर तो उशीरच, पार्टीला मी काय सांगू, की जुनी भांडी घासण्यात वेळ गेला?

तिसरी टॅबची नाही, माझीच आहे. एकदा वाटलं की कोड स्वतः बिल्ड करून बघू. नुसत्या बिल्डसाठी ३० जीबी मोकळी जागा ठेवा असं त्यांच्या माहितीतच लिहिलंय, मी ती करायला दोन लग्नांचे ड्रोन व्हिडिओ उडवले, मशीन रात्रभर घरघरत ठेवलं आणि सकाळी लाइट गेलेली. त्यानंतर मी फक्त सर्चफॉक्सवर वाचतो.

एक सोय मात्र सगळ्यांनी वापरा म्हणून सांगतो. माझ्या आईला चक्कर यायचा त्रास आहे, स्क्रीनवर फार काही फिरायला लागलं की तिला मळमळतं. फोनच्या सेटिंगमध्ये ॲनिमेशन कमी करा असा पर्याय असतो, तो लावलेला असेल तर पेजला ते कळतं, प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन म्हणून. फायरफॉक्समध्ये हे २०१८ पासून आहे. माझ्या पत्रिकेत तेव्हा अंतरपाट सरकत नाही, हळूच विरतो, आणि अक्षता पडत नाहीत, खाली पडलेल्याच दिसतात. आईनं बघून विचारलं, "लग्न लागून गेलं वाटतं?"

आणि हो, सरकारी साइटवर "सूचना सूचना" करत सरकणारी मार्की पट्टी असते, तिला हसू नका. क्रोमच्या आत ती हल्ली याच ॲनिमेशनच्या यंत्रणेवर चालते. जुना टॅग, पण पोटात मशीन नवीन.

स्टार द्यायचे तर टॅबला पाचपैकी साडेतीन, ओढता येत नाही म्हणून दीड कापला. मागच्या इंजिनाला साडेचार, अर्धा स्क्रोलवाल्या ॲनिमेशनसाठी राखून ठेवलाय, आलं की देतो. मामांनी दुसऱ्या दिवशी परत लिंक उघडली, अंतरपाट सरकला, त्यांनी ग्रुपवर "भटजी उठले" असं टाकलं आणि राहिलेले पैसे पण पाठवले. आता त्यांच्याच नातवाची मुंज आहे. त्यात बटू झोळी घेऊन वळणावळणाच्या वाटेनं भिक्षावळीला चालत जाताना पाहिजे म्हणतात, म्हणजे ऑफसेट-पाथ लागणार. बनवायला घेतलंय, वीज पेटते का बघतो.